गणनेच्या प्रोग्राममधून आलेख: सापळ्यांच्या नोंदी आणि ग्नूप्लॉट

कपाशीतील कामगंध सापळ्यांत अडकलेले पतंग रोज मोजले जातात. त्यांचा आलेख मात्र बहुधा आठवड्याअखेर, सवड मिळेल तेव्हा निघतो. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत हा विलंब महाग पडतो. अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीतच बोंडात शिरते आणि फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सलग तीन रात्री प्रति सापळा 8 पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेल्याचे त्याच सकाळी दिसावयास हवे. पांढुर्णा-सौसरच्या कपाशी पट्ट्यात अनेक गावांच्या नोंदी एकत्र येऊ लागल्या, की हे हाताने साधत नाही.

सरासरी काढणाऱ्या प्रोग्रामनेच आलेख काढणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला बोलावणे, हा यावरील सोपा उपाय होय. ग्नूप्लॉट हा असा विनामूल्य प्रोग्राम 1986 पासून वापरात आहे. जबलपूरच्या सराफ्यात दागिना तोलणारा सराफ वेगळा आणि घडवणारा कारागीर वेगळा, तशीच ही विभागणी समजावी.

बोलावण्याच्या रीती दोन. पहिलीत आपला प्रोग्राम तारीख व सरासरी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो, आज्ञांची दुसरी फाइल तयार ठेवतो आणि ग्नूप्लॉट चालवतो. पायथनमध्ये हे काम ‘सबप्रोसेस’ करते, फोरट्रानमध्ये ‘एक्झिक्यूट कमांड लाइन’. दुसरीत पाइप उघडून आज्ञा थेट पाठवल्या जातात. पाइप जलद खरा, पण आज्ञा स्मृतीत अडकून राहू नयेत म्हणून त्या वेळोवेळी पुढे ढकलाव्या लागतात. क्षेत्रीय कामासाठी मी पहिलीच रीत सुचवीन, कारण फाइल मागे उरते आणि शंका आल्यास उघडून पाहता येते. आडव्या अक्षावर तारखा असल्याचे व त्या दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिल्याचे ग्नूप्लॉटला आधी सांगावे. ‘पीएनजी-कैरो’ हा प्रकार निवडून देवनागरी टंक दिल्यास गावांची नावे जोडाक्षरांसह नीट उमटतात.

आज्ञेत चूक असेल तर आलेख निघत नाही, आणि कालचेच चित्र संगणकावर तसेच राहते. ते आजचे म्हणून शेतकऱ्यांच्या गटात गेले तर अनर्थ होतो. म्हणून प्रत्येक वेळी जुने चित्र प्रथम पुसावे आणि ग्नूप्लॉटने परत दिलेला संकेतांक शून्य आहे ना, हे प्रोग्रामनेच तपासावे.

सर्वांत जपावयाची गोष्ट म्हणजे न झालेली नोंद. समजा, सोमवारी सरासरी 9, मंगळवारी पावसामुळे मोजणीच नाही, बुधवारी 10, गुरुवारी 9. मंगळवारी 0 लिहिला गेला, तर आलेखाची रेषा तळाला जाऊन परत वर येते. पतंग एका रात्रीत ओसरले असे पाहणाऱ्यास वाटते, आणि सलग तीन रात्रींची गणनाही नव्याने सुरू होते. त्याऐवजी विदा फाइलमध्ये त्या दिवसाच्या जागी रिकामी ओळ सोडावी. ग्नूप्लॉट तेथे रेषा तोडतो. खंड डोळ्यांना दिसतो. अशा खंडाच्या दोन्ही बाजूंस 8 च्या वर आकडे असतील, तर पुढील रात्रीची वाट न पाहता शेतात जाऊन 20 हिरवी बोंडे फोडून पाहावीत. त्यांपैकी 2 बोंडांत अळी आढळल्यास फवारणीचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा.