घरून पैसे नाहीत, मग कॉलेज कसं करायचं?

मित्रांनो, बारावीचा निकाल लागला की आपल्या रहिमतपुरात घरोघर पेढे वाटले जातात. पण काही घरांत पेढे वाटून झाल्यावर रात्री आई-बाबा हळू आवाजात हिशेब मांडत बसतात. फी किती, खोलीभाडं किती, मेसचे किती? शिवाय मुलगा शिकायला गेला, की घेवड्याच्या काढणीला घरचे दोन हात कमी होतात. हा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो.

हिशेब जुळला नाही की एखादा म्हणतो, "जाऊ दे, मी नोकरीच बघतो." थांबा! हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं हाती घेतला होता, आणि तो माणूस स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता.

बरोबर ओळखलंत, कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं. पण नावानं पोट भरत नाही ना! एकदा कोठीत धान्यच उरलं नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने काढून दिले. पुढं मंगळसूत्रसुद्धा गेलं. त्या काळात एका बाईनं गळ्यातलं मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय, हे तुमच्या आजीला विचारा.

दागिने मात्र एकदाच विकता येतात. रोजचं काय? त्यावर भाऊरावांचं उत्तर होतं श्रम. मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची, बांधकामावर दगड-माती वाहायची आणि अभ्यासही करायची. 'कमवा आणि शिका' ती हीच. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही याच पायावर. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती अशी, की तिथं काम करणारा मुलगा एकटा नव्हता. शेजारचाही कुदळ मारत होता. मग लाजायचं कोणाला?

आज बऱ्याच कॉलेजांत ही योजना आहे. ग्रंथालयात, ऑफिसात, बागेत ठरावीक तास काम करायचं आणि तासांप्रमाणे पैसे घ्यायचे. पण खरं सांगतो, तेवढ्यावर पुण्यातली खोली आणि मेस दोन्ही भागत नाहीत. त्यासाठी तास वाढवत नेले, तर अभ्यास मागं पडतो. म्हणून दुसरी वाटही धरायला हवी, ती म्हणजे सरकारी योजनांची.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून फीचा भार हलका होतो. पंजाबराव देशमुख योजनेतून अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहात राहण्यासाठी भत्ता मिळतो. 2024-25 पासून वर्षाला आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, मराठा आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच झालेला हवा. दलालानं "मी सीट मिळवून देतो" म्हटलं, की ही सवलत हातची गेलीच म्हणून समजा.

शिष्यवृत्तीत एक गोम आहे. पैसे बऱ्याचदा उशिरा येतात, आणि मेसवाला काही थांबत नाही. पालकांनो, पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरती रक्कम आधीच बाजूला ठेवा. नसेल तर सावकाराच्या दारी जाण्याआधी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. मात्र कर्ज ते कर्जच, फेडायचं तुमच्याच पोराला आहे, तेव्हा लागेल तेवढंच काढा.

आणि दहावी-बारावीतल्या दोस्तांनो, आज घरी एवढं बघा: उत्पन्नाचा दाखला कोणत्या सालचा आहे? जातीचा दाखला काढलाय का? तुमचं बँक खातं आधारला जोडलंय का? शिष्यवृत्तीचे पैसे त्याच खात्यात येतात. कोरेगावच्या तहसील कार्यालयातून निघणाऱ्या दाखल्यांसाठी निकालानंतर झुंबड उडते. परीक्षा संपली, की त्याच आठवड्यात अर्ज देऊन या.