पिकलेला टोमॅटो ओळखू येईना, तर?

समजा, पिंपळवंडीच्या शेतात टोमॅटो तोडणाऱ्या क्षयरोग्याला लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला, तर आपण चष्मा सुचवू. पण कारण गोळीत असू शकते. एथॅम्ब्युटॉलमुळे क्वचित डोळ्याच्या नसेला इजा होते. औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून मूत्रपिंड दुबळे असल्यास धोका वाढतो. वेळीच कळल्यास दृष्टी बहुधा सुधारते. गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांना तातडीने गाठावे.

नुकसानभरपाईसाठी नुसता दुष्परिणाम पुरत नाही, निष्काळजीपणा दाखवावा लागतो. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. आम्हाला खटकते ते पुढेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालानुसार, सर्वांना मोफत मिळणारी सरकारी रुग्णालयातील सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, आणि क्षयाची औषधे तिथे मोफतच असतात! अशा रुग्णाला दिवाणी किंवा उच्च न्यायालयाचीच वाट उरते.