किंमत कानांना ऐकू येते काय?

घरी बसून संगीत ऐकणाऱ्या शौकिनांमध्ये एक वाद कित्येक दशके धुमसत आहे. एक सुस्थितीतील अ‍ॅम्प्लिफायर काढून दुसरा जोडला, किंवा लाउडस्पीकरची साधी तार काढून भारी किमतीची बसवली, तर कानांना जाणवेल असा फरक पडतो काय? पडतो, असे शपथेवर सांगणारे पुष्कळ आहेत. तंबोऱ्याची तार किंचित उतरली तरी अस्वस्थ होणारे तयार कानांचे रसिकही त्यांत आहेत. तेव्हा त्यांच्या साक्षीची टवाळी करून प्रश्न सुटणार नाही. ती साक्ष तपासावी कशी, हा खरा प्रश्न आहे.

तपासण्याची रीत नवी नाही. परीक्षकाला उत्तरपत्रिकेवरील नाव दिसू नये अशी दक्षता घेतली जाते, ती परीक्षक अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. नाव दिसले की प्रामाणिक माणसाचाही हात नकळत सैल वा घट्ट होतो, म्हणून. येथेही कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्यास कळू द्यायचे नाही आणि दोन्हींचा आवाज काटेकोरपणे समान ठेवायचा, ही दोन पथ्ये पाळावी लागतात. दुसरे पथ्य विशेष महत्त्वाचे. आवाज एका डेसिबलच्या अंशाने वाढला तर तो ‘मोठा’ न वाटता ‘अधिक स्वच्छ’ वाटतो. दुकानातील कित्येक चमत्कारांचे मूळ एवढेच असते.

ही पथ्ये पाळून झालेल्या चाचण्यांचा निष्कर्ष बोलका आहे. इंग्लंडमधील ‘क्वाड’ या कारखान्याने १९७८ साली आपलेच तीन अ‍ॅम्प्लिफायर, एक जुना व्हॉल्व्हचा व दोन ट्रान्झिस्टरचे, जाणकारांपुढे ठेवले. ते त्यांना वेगळे ओळखता आले नाहीत. अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने १९८७ साली २५ श्रोत्यांची परीक्षा घेतली. यंत्रांच्या किमती सुमारे २२० डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंत होत्या. ७७२ वेळा प्रश्न विचारूनही उत्तरे नाणे उडवून दिल्यासारखीच आली. तारेचा हिशेब तर कागदावरच मांडता येतो. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तीन मीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो. आठ ओहमच्या लाउडस्पीकरपुढे तो नगण्य होय. त्याने होणारी घट ०.०५ डेसिबलहूनही कमी, म्हणजे कानांच्या आवाक्याबाहेरची असते.

याचा अर्थ सर्व यंत्रे सारखी, असा मात्र नव्हे. काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरांचा अंतर्गत रोध इतका अधिक असतो की लाउडस्पीकरनुसार स्वरांचा तोल बदलतो. कुवतीबाहेर चालवलेले यंत्र आवाज फाडते. लांब व फार बारीक तारही आपला प्रभाव दाखवते. हे फरक मोजता येतात आणि म्हणूनच ऐकूही येतात. लाउडस्पीकर, ते जिथे ठेवले ती जागा आणि खोलीच्या भिंती यांनी होणारे फरक तर याहून कितीतरी मोठे असतात. १९९४ साली फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी आपल्याच कंपनीतील ४० जणांना लाउडस्पीकर आधी झाकून व नंतर उघडे ठेवून ऐकवले. दृष्टीआड असताना जागा बदलल्याने पडणारा फरक श्रोत्यांना नीट जाणवत होता. यंत्र डोळ्यांपुढे येताच तो लोपला आणि दर्शनी रूपानुसार गुण पडू लागले. डोळे खोटा फरक ऐकवतात इतकेच नव्हे, तर खरा फरक ऐकूही देत नाहीत!

फरक सिद्ध झाला नाही म्हणजे तो अस्तित्वातच नाही असे होत नाही, हा आक्षेप तर्काला धरून आहे. घाईच्या चाचणीत मन बावरते, असेही म्हटले जाते. परंतु ही परीक्षा स्वतःच्या घरी, परिचित गाण्यांवर, हवे तितके दिवस चालवण्यास कोणाचीही आडकाठी नाही. शिवाय ऐकू येणाऱ्या फरकासाठी जो पैसे मागतो, पुरावा देण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

हौसेला मोल नसते, हे मान्य. देखण्या यंत्रासाठी कोणी पैसे मोजले तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते साध्या यंत्रावर मनापासून गाणे ऐकणाऱ्याच्या मनात, आपण खऱ्या संगीताला मुकलो, अशी रुखरुख उत्पन्न करणे. पगारातून पैसे बाजूला टाकून तो तारा बदलत राहतो आणि गाणे सोडून यंत्रच ऐकू लागतो. तोच पैसा चांगल्या लाउडस्पीकरवर, खोलीतील जाड पडद्यांवर किंवा एखाद्या मैफलीच्या तिकिटावर खर्च झाला, तर त्याच्या कानांना निश्चित काही लाभेल. नवे यंत्र घेण्यापूर्वी दुकानदाराला दोन्ही यंत्रांवर कापड टाकण्यास सांगावे. त्याने नकार दिला, तर तेही उत्तरच समजावे.