घरातलं तळं (भाग ७) : एंजल आणि नळाचा वार

एंजल मासा पाळायचाय असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारतो, तुमच्याकडे नळाला पाणी कितव्या दिवशी येतं? छत्रपती संभाजीनगरात या प्रश्नाला बगल देऊन मासे पाळता येत नाहीत. पैठणचा नाथसागर जलाशय इथून पन्नासेक किलोमीटरवर, तरी सिडको म्हणा की गारखेडा, नळ पाच-सहा दिवसांआड सुटतो, कधी त्याहूनही उशिरा. आणि एंजलच्या टँकमधलं पाव हिस्सा पाणी आठवड्याला बदलावंच लागतं. फिल्टर अमोनियाचं नायट्रेट करतो हे मागच्या भागात पाहिलं. ते साचलेलं नायट्रेट बाहेर काढायचं काम मात्र बादलीचंच.

म्हणजे त्यासाठी पाणी ड्रममध्ये साठवून ठेवणं आलंच. पण साठवणुकीची ही सक्ती एंजलच्या पथ्यावर पडते. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशाचे कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मारतो. ड्रममध्ये उघडं ठेवलेलं पाणी एक-दोन दिवसांत क्लोरीनमुक्त होतं. झाकण घट्ट लावलं, तर क्लोरीन सहजी उडून जात नाही. उघडं ठेवलं तर डेंग्यूचे डास अंडी घालतात. त्यावर तोडगा सोपा आहे : जुन्या धोतराचं किंवा साडीचं सुती कापड ड्रमच्या तोंडावर ताणून सुतळीनं आवळायचं. क्लोरीन जातो, डास येत नाही. अगदीच घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात. आत असतं बहुधा सोडियम थायोसल्फेट.

सातारा-देवळाईकडच्या वाचकांची अडचण वेगळी. तिथे भिस्त टँकरवर आणि बोअरवर. काळ्या पाषाणातून उपसलेलं हे पाणी बहुधा जड असतं. बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर त्याचीच खूण. पुस्तकं सांगतात, एंजलला मऊ आणि किंचित आम्ल पाणी लागतं. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या एंजलपुरतं ते खरंच आहे. आपल्या दुकानातला एंजल मात्र तिकडून आलेला नसतो. कोलकाता, चेन्नई भागातल्या हौदांत त्याच्या कित्येक पिढ्या वाढलेल्या असतात. त्यामुळे पीएच उतरवायची औषधं आणून टँकमध्ये ओतत बसू नका. जड पाण्याला एंजल हळूहळू सरावतो, पाणी एकाएकी पालटलं तर मरतो. घरी आरओची दुरुस्ती करायला माणूस येतो, त्याच्याकडे पेनासारखा टीडीएस मीटर असतो. त्याच्याकडून बोअरचं पाणी मोजून घ्या. आकडा ५००च्या वर गेला तर थोडं आरओचं पाणी मिसळा, तेही दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत.

टँक घेताना लांबीपेक्षा उंची आधी बघा. हा मासा अंगानं चपटा. पाण्यातल्या उभ्या देठांमधून सरकायचं म्हणून तो असा घडलाय, आणि अंगावरचे काळे पट्टे त्या देठांत मिसळून जातात. पूर्ण वाढलेल्या एंजलचे वरचे-खालचे पर धरले तर वीतभर उंची सहज भरते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये साधारण ८५ लिटर पाणी मावतं. एका जोडीला तेवढं पुरे. गोल बाऊलमध्ये एंजल ठेवणं हा माझ्या मते सरळसरळ छळ आहे, आणि ते विकणारा दुकानदारही त्यात भागीदार.

सोबतीला निऑन टेट्रा दिसायला छान, पण एंजल मोठा झाला की तोंडात मावणारा निऑन त्याला खाऊच वाटतो. टायगर बार्ब उलट एंजलचेच लांब पर कुरतडतो. कोरीडोरस चालतील.

आता उन्हाळा. एंजलला २६ ते २८ अंश मानवतं, ३०-३१ तो कसाबसा सोसतो. मे महिन्यात बाहेर ४०च्या पुढे पारा असताना गच्चीखालच्या खोलीतला टँक ३३वर जायला वेळ लागत नाही, आणि पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. काचेचं झाकण काढून जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर गारवा देतो त्याच कारणानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मात्र पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची घट आरओच्या पाण्यानं भरा. बोअरचं घालत गेलात तर महिन्याभरात टँक खारवेल. वीज गेली की त्या दिवशी खाणं बंद, आणि बॅटरीवर चालणारा एअरपंप आधीच आणून ठेवलेला बरा.

नवीन एंजल मे महिन्यात विकत घेऊ नका. आता टँक पाणी भरून, मासे न सोडता, फिल्टर लावून चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाणं टाका, त्यात जिवाणू मुरायला चार-सहा आठवडे लागतातच. पाऊस सुरू होऊन हवा उतरली की रुपयाच्या नाण्याएवढी सहा पिल्लं एकदम आणा. जोडी त्यांची त्यांनाच जमवू द्या, कारण लहान एंजलमध्ये नर कोणता, मादी कोणती हे दुकानदारालाही सांगता येत नाही. अर्थात सहाही जण मोठे झाले की ८५ लिटर अपुरे पडतात, तेव्हा जोडी जमली की बाकीचे दुकानात परत द्यायची बोलणी खरेदीच्या वेळीच करून ठेवा. अंडी घातल्यावर काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.