डॉक्टरांचा वेळ, रुग्णाचा वेळ

ओपीडी नऊ वाजता सुरू होते. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग मात्र सातलाच लागलेली असते. पहिल्या एसटीने आलेली बाई, दिवसाची मजुरी बुडवून तिच्यासोबत आलेला मुलगा, गुडघा धरून बाकावर बसलेले आजोबा. नंबर लागतो तेव्हा डॉक्टरांसमोर जेमतेम पाच-सहा मिनिटे मिळतात आणि त्यासाठी अर्धा दिवस गेलेला असतो. गर्दी फार, डॉक्टर कमी, असे याचे कारण सांगितले जाते. ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. या ताटकळण्याचा काही भाग गर्दीमुळे नव्हे, तर वेळापत्रकामुळे येतो. त्याचे गणित सत्तर वर्षांपूर्वीच मांडले गेले आहे.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली. तिथल्या बाह्यरुग्ण विभागांतही रांगा काही कमी नव्हत्या. संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली आणि त्यांचे सहकारी जे. डी. वेल्च यांनी १९५२ मध्ये या रांगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणत्या रुग्णाच्या तपासणीला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून बेलींनी सोडतीत निघावेत तसे आकडे घेऊन कागदावरच ओपीडी चालवून पाहिली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्यातून निघालेला नियम अगदी साधा होता. सुरुवातीच्या वेळेला दोन रुग्णांना बोलवावे आणि त्यानंतर एका तपासणीला सरासरी जितका वेळ लागतो, तितक्या अंतराने एकेकाला. दोघांना अशासाठी, की पहिला उशिरा आला तरी डॉक्टर रिकामे बसू नयेत. हा नियम आजही ‘बेली-वेल्च नियम’ म्हणून शिकवला जातो.

सर्वांनाच नऊ वाजता बोलावले, तर डॉक्टरांचा एक मिनिटही वाया जात नाही. रुग्णालयाच्या हिशेबात ही आदर्श व्यवस्था ठरते. पण त्या हिशेबात रुग्णाच्या एका तासाची किंमत शून्य धरलेली असते. कुणी तसे ठरवून केलेले नसते. तो आकडा वहीत लिहिलाच जात नाही, इतकेच.

अशा प्रश्नांचे गणित मांडणाऱ्या शास्त्राला ‘ऑपरेशन्स रिसर्च’ म्हणतात. रुग्णालयाच्या संदर्भात हे नाव फसवे आहे. इथले ऑपरेशन शस्त्रक्रियेचे नव्हे, लष्करी मोहिमेचे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनने रडारचा नेमका उपयोग कसा करावा हे ठरवण्यासाठी शास्त्रज्ञांना हाताशी घेतले, तिथे या शास्त्राचा जन्म झाला. साधने मोजकी, कामे अनेक. मग कोणते साधन, कुठे आणि केव्हा वापरले म्हणजे खर्च कमीत कमी होईल, हा त्याचा मूळ प्रश्न.

या शास्त्रातले रांगांचे गणित तर प्रत्येक प्रशासकाने एकदा तरी हाताने करून पाहावे असे आहे. समजा, एका तपासणीला सरासरी सहा मिनिटे लागतात. रुग्ण वेळ न ठरवता येतात, कुणाचे दोन मिनिटांत होते, कुणाला वीस मिनिटे लागतात. अशा वेळी डॉक्टरांचा ८० टक्के वेळ कामाने भरलेला असेल, तर पाठ्यपुस्तकातल्या सूत्रानुसार रुग्णाला सरासरी २४ मिनिटे थांबावे लागते. ९० टक्के भरला, तर ५४ मिनिटे. ९५ टक्के भरला, तर ११४ मिनिटे, म्हणजे जवळपास दोन तास. डॉक्टरांचे रिकामे मिनिट ‘वाया गेले’ म्हणून शेवटचे पाच टक्के भरून काढायला जावे, तर बाकावरचा वेळ दुपटीहून अधिक वाढतो. प्रत्यक्ष ओपीडी चार तासांत संपते, त्यामुळे हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण कल तोच राहतो. रुग्णांना वेळ देऊन त्यांचे येणे नियमित केले, तर ही प्रतीक्षा साधारण निम्म्यावर येते. डॉक्टर तेवढेच, रुग्णही तेवढेच.

आणखी एक उपाय बँकांनी आणि विमानतळांनी कधीच उचलला आहे. शेजारी शेजारी बसलेल्या तीन डॉक्टरांपुढे तीन रांगा लावण्याऐवजी तिघांसाठी एकच रांग लावायची आणि जो मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा रुग्ण पाठवायचा. वरच्याच हिशेबात ९० टक्के भरलेल्या ओपीडीत ५४ मिनिटांची प्रतीक्षा अशा वेळी सुमारे १६ मिनिटांवर येते. एक डॉक्टर मोकळा आणि शेजारी दहाजण ताटकळलेले, हा प्रकारच उरत नाही. अडचण एवढीच, की मधुमेहाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला ‘आपलेच’ डॉक्टर हवे असतात आणि वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यही आहे. ओळखीच्या डॉक्टरांची किंमत सूत्रात घातली नाही, तर सूत्र ती आपणहून धरत नाही.

सूत्राच्या या आज्ञाधारकपणाचा किस्सा जॉर्ज डँटझिग यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मर्यादित साधनांची सर्वांत फायदेशीर वाटणी शोधण्याची ‘सिम्प्लेक्स’ ही पद्धत त्यांनी १९४७ मध्ये दिली. (पुढे १९८४ मध्ये मुंबई आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी अशा अवाढव्य गणितांसाठी वेगळाच मार्ग शोधून जगाचे लक्ष वेधले.) डँटझिग यांना वजन कमी करायचे होते. १९५० च्या दशकात त्यांनी संगणकाला सांगितले, की कॅलरी मर्यादेत ठेव आणि पाण्याचा अंश वगळून पोट जास्तीत जास्त भरेल असा आहार दे. संगणकाने रोज ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १९०० लिटर व्हिनेगर सुचवले. व्हिनेगरमध्ये पाणी असते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते! ती चूक सुधारल्यावर त्याने दिवसाला दोनशे खारट सूपक्यूब सुचवले. मिठाला मर्यादा घालायची राहून गेली होती.

व्हिनेगर पाहून हसू येते. तीच चूक परिचारिकांच्या ड्यूटीपत्रकात झाली, तर येत नाही. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर महिन्याच्या शेवटी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसतात, तेव्हा त्या नेमके हेच गणित सोडवत असतात. २० परिचारिका, २८ दिवस आणि रोज चार पर्याय, सकाळ, दुपार, रात्र किंवा सुट्टी; एवढ्यावर होणाऱ्या पत्रकांची संख्या ३३८ अंकी भरते. त्यातून कमी खर्चाचे पत्रक संगणक चटकन शोधू शकतो. पण रात्रपाळी संपवून घरी गेलेल्या सिस्टरला त्याच दिवशी दुपारी बोलावू नये, लागोपाठ रात्रपाळ्या किती असाव्यात, दरवर्षी दिवाळीला तीच मुलगी कामावर नको, हे अनुभवी सिस्टरच्या डोक्यात असते. ते अटी म्हणून मांडले नाही, तर कागदावर स्वस्त दिसणारे पत्रक दमलेल्या हातांत इंजेक्शन देऊन मोकळे होते.

हिशेब नीट मांडल्यास काय साधते, याचे उदाहरण मदुराईत आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तिथे सर्वांत दुर्मीळ साधन कोणते, तर शल्यचिकित्सकाचा वेळ. म्हणून त्याच्यासाठी दोन टेबले ठेवली गेली. एकावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालू असताना प्रशिक्षित परिचारिका दुसऱ्यावरच्या रुग्णाची तयारी करून ठेवतात. पहिली संपताच डॉक्टर दुसऱ्या टेबलाकडे वळतात. त्यामुळे तिथला एक शल्यचिकित्सक वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करू शकतो. इथे वाचलेला खर्च ताळेबंदात पडून राहिला नाही. पैसे देणाऱ्यांच्या जोडीला मोठ्या संख्येने रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र दरात उपचार होऊ लागले. डॉक्टरांचा वेळ वाचवणे आणि रुग्णाचा वाचवणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतातच असे नाही.

यातले बरेचसे करायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. केसपेपरवर तारीख असते, वय असते, वजन असते. रुग्ण किती वाजता आला आणि डॉक्टरांसमोर किती वाजता बसला, या दोन वेळा मात्र बहुतेक ठिकाणी नसतात. महिनाभर त्या पेनने लिहिल्या, तर बेलींनी केलेला हिशेब कुठल्याही ओपीडीला स्वतःपुरता करून पाहता येईल.