खाटीक नावाचा पाहुणा

१४ ऑक्टोबरच्या, म्हणजे आपल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास मालवण तालुक्यातल्या एखाद्या सड्यावर पहाटे जाऊन उभे राहा. करवंदीच्या जाळीतून कर्कश खरखराट ऐकू येईल. शेंड्यावर बुलबुलाएवढा, तपकिरी पाठीचा, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला पक्षी दिसेल. हा तपकिरी खाटीक.

तो इथला नव्हे. सायबेरिया, मंगोलिया, उत्तर चीन या मुलखांत तो उन्हाळ्यात पिल्ले वाढवतो. तिकडे थंडी पडली की किडे मिळेनासे होतात. मग जेमतेम ३० ग्रॅम वजनाचा हा जीव रात्री उडत, हजारो किलोमीटर कापत सप्टेंबरपासून आपल्याकडे उतरू लागतो. १४ एप्रिलला, भीमजयंतीसाठी मुंबईची मंडळी गावी येतात, तेव्हा तो परतीच्या वाटेला लागलेला असतो. पोटासाठी मुलूख सोडणे म्हणजे काय, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

हिवाळाभर तो एकटा राहतो. झुडपांचा एक तुकडा आपला मानतो आणि दुसऱ्या खाटकाला तिथे फिरकू देत नाही. पहाटेचा आरडाओरडा त्यासाठीच. पायात कडी घालून सोडलेले असे काही पक्षी पुढच्या हिवाळ्यात नेमके त्याच जागी सापडले आहेत.

आता नावाविषयी. हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गणातला, पण शिकारी. नाकतोडे, भुंगेरे, कधी सरडा पकडतो आणि काट्याला टोचून ठेवतो. म्हणून तो खाटीक. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘लॅनियस’ या लॅटिन शब्दाचा अर्थही खाटीकच. लोक त्याला क्रूर म्हणतात. पण नीट पाहा. चोच आकडेदार असली तरी पायांत घारीसारखी पकड नाही. भक्ष्य धरून फाडायचे तर काटा हाच त्याचा हात, आणि उरलेले ठेवायचे तर काटा हेच त्याचे फडताळ. यात क्रौर्य कसले? नावावरून आणि कामावरून कोणाला हलके ठरवण्याची खोड किती वाईट, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. ती आपण पाखरालाही लावू नये.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. येत्या सुट्टीत मुलांना घेऊन सड्यावर जा. पक्षी कधी दिसला, कुठल्या जाळीवर बसला, काय खाल्ले, हे त्यांना वहीत लिहू द्या. पुढच्या वर्षी तीच जाळी पुन्हा पाहा.

जाळी मात्र शिल्लक हवी. चिऱ्यांच्या खाणी, नवी बांधकामे आणि वणवे यांत सड्यावरची झुडपे जातात. खाणी थांबवणे आपल्या एकट्याच्या हाती नसेल, पण काजूची जागा साफ करताना बांधावरची चार करवंदे राखणे नक्कीच आहे. इतक्या लांबून आपली जागा शोधत आलेल्याला ती जागेवर सापडावी, एवढेच.