पराभूत असुरांची गती : मणी, मल्ल आणि म्हसोबा

दैत्यकथेचा शेवट दैत्याच्या वधात होतो, असा सर्वसाधारण समज आहे. सोलापूर परिसरातील लोकदैवतांचा विचार करता मात्र हा समज अपुरा ठरतो. सोलापूरजवळ बाळे येथे खंडोबाचे प्रसिद्ध देवस्थान असून मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, साजरा होणारा उत्सव मणी व मल्ल या दैत्यबंधूंवरील विजयाचा मानला जातो. विजय देवाचा खरा. परंतु ज्यांच्यावर तो मिळवला, ते दैत्य तेथून नाहीसे झाले नाहीत.

‘मल्हारी माहात्म्या’च्या परंपरेनुसार मणीस मरणसमयी पश्चात्ताप झाला. त्याने आपला शुभ्र अश्व देवास अर्पण केला आणि देवाच्या सान्निध्यात स्थान मागितले. जेजुरीस मणीची मूर्ती आजही आहे. मल्लाने मात्र जगाचा विनाश मागितला, म्हणून त्याचे शिर भक्तांच्या पायांखाली पायरीशी गेले. दुसऱ्या एका कथेत हाच मल्ल आपले नाव देवाच्या नावाआधी उच्चारले जावे असा वर मागतो. ‘मल्हारी’ म्हणजे मल्लाचा अरी. मारणाऱ्याचा जयघोष मारल्या गेलेल्याच्या नावानेच सुरू होतो! एकाच दैत्याच्या वाट्यास पायरी आणि नाव या दोन्ही गोष्टी याव्यात, ही विसंगती परंपरेने मिटवलेली नाही.

म्हसोबाची कथा याहून पुढची आहे. महिषासुरमर्दिनी तुळजाभवानीच्या याच मुलुखात शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबा पुजला जातो. म्हसोबा व महिषासुर यांच्या संबंधाकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात लक्ष वेधले. पराभूत दैवतास दैत्य ठरवले गेले, तरी त्याचे उपासक शिल्लक होते, असा याचा अर्थ लावता येतो.

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) हा क्रमच उलटा केला. त्यांच्या मांडणीत बळी हा न्यायी राजा, तर खंडोबा व म्हसोबा हे त्याच्या राज्याचे अधिकारी. म्हसोबा हे नाव त्यांनी ‘महासुभा’ या पदाशी जोडले. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणे कठीण आहे. तथापि, दैत्य कोणास म्हणावे हे कोण ठरवतो, हा त्यामागील प्रश्न व्युत्पत्तीबरोबर बाद होत नाही. बलिप्रतिपदेस बळीचे राज्य यावे अशी इच्छा शेतकऱ्यांच्या घरोघरी आजही व्यक्त होते. वामनाचे राज्य यावे, असे कोणी म्हणत नाही.